छतावरचा ठिपका

उजेडबुवांच्या बसायच्या खोलीत एक अख्खी भिंत पाट्यांची होती. लाकडी पाटी, तिच्यावर पितळेचा पत्रा, पत्र्यावर पेटंटचा क्रमांक आणि खाली बुवांचं नाव. कंपनी दर पेटंटमागे एक पाटी द्यायची, बाकी काही नाही. बाकी सगळं पगारात आलं, असं करारातच लिहिलं होतं. एक पाटी चिपला गरम होऊ न देण्याची, दुसरी क्षीण उजेड टिपणाऱ्या चिपची, तिसरी एकाच तारेतून अनेक रंग एकमेकांच्या अंगावर न पडता पाठवण्याची. बुवांची बायको पाट्यांवरून फडकं फिरवताना म्हणायची, की एवढे शोध लावलेत, एखादा धूळ न बसणाऱ्या पाटीचा लावला असता तर मी जन्मभर नाव घेतलं असतं. बुवा हसायचे. हल्ली हसायलाही त्यांना जरा वेळ लागायचा.

'उजेडबुवा' हे नाव लॅबने ठेवलेलं. कोणीही त्यांच्या टेबलाशी चहा घेऊन बसलं, की गाडी कुठूनही निघो, उजेडावर येऊन थांबायची. आधी एक साधा प्रश्न टाकायचे, मग त्याच्याभोवती गोष्टीत गोष्ट गुंफत फिरायचे, आणि ऐकणारा मूळ प्रश्न विसरला की त्याला अलगद पुन्हा तिथेच आणून सोडायचे. चहा गार व्हायचा, पण माणूस उठायचा नाही.

भिंतीच्या बरोबर मध्ये जी पाटी होती ती त्यांची सगळ्यात लाडकी. ती कशाची, हे आधी ऐकायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. फोनवरचं बोलणं, पडद्यावरची चित्रं, हे सगळं हल्ली उजेडावर स्वार होऊन जातं. उजेड निघतो मिठाच्या खड्याएवढ्या चिपमधून आणि धावतो केसासारख्या काचेच्या तारेतून. त्या केसातही त्याची खरी वाट पार गाभ्यात असते. चिपचं तोंड आणि तारेचं तोंड समोरासमोर आणायचं आणि गोंदाने चिकटवायचं, एवढंच काम. पण गोंद वाळताना आकसतो. आकसला की तारेला ओढतो, आणि तार जराशी जरी सरकली तरी उजेड वाट चुकून काठावरच मरतो. सगळेजण न आकसणारा गोंद शोधत बसले होते. बुवांनी गोंदाशी भांडणच सोडून दिलं. तो किती ओढणार, कुठे ओढणार, हे आधी मापायचं, आणि तार मुद्दाम तेवढीच उलट्या बाजूला, चुकीच्या जागी धरायची. मग गोंद वाळवणारा जांभळा दिवा लावायचा आणि हात काढून घ्यायचा. गोंद वाळतो, ओढतो, आणि तारेला स्वतःच नेऊन बरोबर जागी बसवतो.

बुवा म्हणायचे, उजेड देवाने केला, त्यात माझं काही नाही. मी फक्त त्याच्यासाठी दार कुठे ठेवायचं ते शोधलं.

त्या दारावर आता भलत्यांचीच मालकी होती. बुवांची कंपनी विकली गेली, घेणारीही पुढे विकली गेली, आणि पेटंटचं गाठोडं फिरत फिरत अशा मंडळींच्या हाती पडलं, ज्यांच्याकडे ना लॅब होती, ना कारखाना, ना एक मायक्रोस्कोप. त्यांच्याकडे वकील होते. कोणी त्या पद्धतीने तार चिकटवताना दिसला की त्याला नोटीस जायची. आणि जुन्या करारात एक कलम असं बसलं होतं, की बोलावणं येईल तेव्हा शोधकाने येऊन शपथेवर जबानी द्यायची, निवृत्त झाला असला तरीही. बुवा आजवर दरवेळी गेले होते. तीच काचेची खोली, तोच पाण्याचा जग, तेच प्रश्न. ही सही तुमची का? हो. हा शोध तुमचा का? हो. घरी येऊन बूट न काढता खुर्चीत बसून राहायचे. बायको विचारायची, काय झालं? ते म्हणायचे, काही नाही, दिवसभर मीच मी आहे हे सिद्ध करत होतो.

या खेपेच्या नोटिशीवर धाकट्याच्या कारखान्याचं नाव होतं.

धाकटा बुवांच्या हाताखाली आला तेव्हा लॅबमध्ये वयाने सगळ्यात लहान होता, म्हणून धाकटा. आता तो पन्नाशीला टेकला होता, डोक्यावर केस औषधालाही उरला नव्हता, पण नाव काही मोठं झालं नाही. वर्षानुवर्षं तो बुवांच्या शेजारच्या टेबलावर बसला. लॅब बंद पडली तेव्हा त्याने टायरच्या दुकानावरचा मजला भाड्याने घेतला आणि दवाखान्यांच्या यंत्रांसाठी चिपला तारा चिकटवून द्यायचं काम सुरू केलं. हाताशी दहा-बारा माणसं, त्यातली निम्मी जुन्या लॅबमधलीच. तारा चिकटवायचे ते अर्थातच बुवांनी शिकवलेल्या रीतीने. दुसरी रीत त्यांच्यापैकी कोणाच्या हाताला ठाऊकच नव्हती. पेटंट टिकलं तर कारखान्याला कुलूप. आणि पेटंट टिकवायला साक्षीदार कोण, तर बुवा.

बुवा म्हणाले होते, मला यातून वगळा. पेटंट घेतलेल्या मंडळींची वकीलबाई म्हणाली, वगळता येत नाही, कलम आहे. जबानी संपेपर्यंत धाकट्याशी चकार शब्द बोलायचा नाही, हेही तिने बजावलं. शिवाय अजून एक काम दिलं. न्यायाधीशांना गोंदातलं काही कळत नाही, तेव्हा घरगुती उदाहरणाने समजावता येईल असं काहीतरी तयार ठेवा.

म्हणून रविवारी दुपारी बुवा स्वयंपाकघरात मेण वितळवत उभे होते.

मुरंब्याच्या बरणीचं झाकण, त्यात वितळलेलं मेण, मेणात उभा रोवलेला लेसरचा पेन. पेनचं बटण दाबून धरायला कपडे वाळत घालायचा चिमटा. पेनच्या एका अंगाला मेण जास्त, दुसऱ्या अंगाला कमी. छतावर लाल ठिपका. ठिपक्यापासून वीतभर अंतरावर बुवांनी चिकटपट्टीची फुली मारली होती, स्टुलावर चढून. बायको स्टूल धरून देवाचं नाव घेत होती, आणि मधूनमधून, पडलात तर मी उचलणार नाही, हेही सांगत होती.

तेवढ्यात मुलगी आली. ती दातांची डॉक्टर. घरात तिला अजून बयोच म्हणायचे. बाप-लेकीचा एक जुना विनोद होता: ती दाढेत जे भरते तेही उजेडाने वाळतं आणि वाळताना आकसतं, तेव्हा दोघांचा धंदा एकच, फक्त बुवांच्या गिऱ्हाइकाला भूल द्यावी लागत नाही. बयो ओट्याला टेकून उभी राहिली आणि वर बघू लागली. मेण गार होत चाललं. ठिपका हलतोय की नाही, अशी शंका येईल इतक्या धीम्या चालीने निघाला. तिघांच्याही माना वर. म्हातारं माणूस जिना चढतं तसा तो थांबत थांबत गेला आणि फुलीवर जाऊन बसला.

"बाबा," बयो म्हणाली, "हे तू शाळेत केलं होतंस."

बुवा म्हणाले, छे, कधी?

"जुन्या हॉलमध्ये. आईवडिलांना बोलावलं होतं ना, तेव्हा. मला पुढचे दात नव्हते म्हणून मी तोंड मिटून बसले होते, आणि ठिपका फुलीवर गेला तशी विसरून हसले. मागच्या बाकावरची मला वर्षभर चिडवत होती. धाकटाकाका शिडीवर चढला होता, फुली चिकटवायला."

मग तिला एकातून एक आठवत गेलं. बुवांनी डोक्याचा एक केस उपटून दाखवला होता, आजीचा फोनवरचा आवाज अशा केसातून येतो म्हणाले होते. गोंद म्हणजे हट्टी पोर, त्याला ओढू नये, त्याला कुठे जायचंय ते बघून आपणच आधी जागा बदलावी, असं सांगितलं होतं. आणि शेवटी ओठांवर बोट ठेवून म्हणाले होते, हे अजून कोणालाही ठाऊक नाही, अळीमिळी गुपचिळी. सगळ्या हॉलने, बाप्यांनी-बायांनीसुद्धा, ओठांवर बोटं ठेवली होती. हे सांगताना बयोने स्वतःही बोट ओठांवर ठेवलं.

बुवा आधी हसले. मग ते हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि त्याच्या आतून माणूस निघून गेला. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले.

पेटंटच्या धंद्यात एक नियम पहिल्या दिवशी शिकवतात. अर्ज सरकारदरबारी पोचेपर्यंत बाहेरच्या कोणालाही शोध उघडपणे दाखवायचा नाही. एकदा दाखवला की तो सगळ्यांचा झाला, मग त्यावर हक्क सांगता येत नाही. बुवांनी हा नियम जन्मभर सोवळ्यासारखा पाळला होता. परिषदांची आमंत्रणं परत केली, सख्ख्या मेहुण्याला ताकास तूर लागू दिली नाही. प्रत्येक जबानीत विचारलं जायचं, अर्जाआधी कंपनीबाहेर कोणाला दाखवलं होतं का? आणि बुवा शपथेवर सांगायचे, कोणालाही नाही. अगदी मनापासून सांगायचे. शाळेच्या हॉलमधलं ते 'दाखवणं' होतं, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नाही. त्यांच्या लेखी ती मुलांना सांगितलेली एक गोष्ट होती.

ती संध्याकाळ अर्जाआधीची की नंतरची, यावर त्यांनी मनात एक क्षीण आशा धरून पाहिली. तीही टिकली नाही. त्या वर्षी कंपनीच्या पेटंट विभागात कागद अडकून पडले होते, आणि ज्या दिवशी अखेर सह्या झाल्या त्या दिवशी ते शाळेवरून चालत गेले होते. तेव्हा जुन्या हॉलच्या जागी विटांचा ढीग होता आणि बुवा थोडा वेळ तिथे उभे राहून हळहळले होते. हॉल आधी पडला, अर्ज मागून गेला. यात फिरवाफिरवीला जागाच नव्हती.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. झाकणातलं मेण सुरीने खरवडत ती म्हणाली, समोरच्यांना हे ठाऊक नसेल तर? बुवा म्हणाले, मला ठाऊक झालं ना. ती म्हणाली, आधी शपथेवर खोटं बोललात असं म्हणतील. बुवा म्हणाले, म्हणतील.

"मग ती मधली पाटी उतरवायची का?" तिने विचारलं.

"राहू दे. पितळेला काय कळतंय."

बुवांच्या मनात दुसरंच घोळत होतं. शिडीवर धाकटा होता. म्हणजे धाकट्याला हे ठाऊक होतं. बुवा विसरले, कारण ते नेहमीच कुठे ना कुठे बोलत असायचे. पण शिडीवर चढून छताला फुली चिकटवणारा माणूस ते विसरत नाही. कारखाना बुडायची वेळ आली तरी तो गप्प का? हे विचारायला फोनकडे हात गेला आणि मागे आला. बोलायची बंदी होती.

सकाळी ते जबानीच्या वेळेआधीच वकीलबाईच्या ऑफिसात गेले. बाई वाईट नव्हती. बुवांच्या मुलीपेक्षा थोडी मोठी असेल. डोळ्यांखाली काळं, टेबलावर अर्धवट खाल्लेला पाव. बुवांनी सांगितलं तशी तिने चष्मा काढला आणि नाकाचं मूळ चिमटीत धरून बसली. एवढी वर्षं कुठे होतं हे, असं काहीतरी पुटपुटली. बुवा म्हणाले, मी तेच स्वतःला विचारतोय. मग ती एकाएकी सावध झाली. शेवटी तुम्ही काय म्हणालात, ते पुन्हा सांगा.

बुवांनी पुन्हा सांगितलं. ओठांवर बोटसुद्धा ठेवून दाखवलं.

बाईने चष्मा परत चढवला. तिचं म्हणणं असं: गुप्त ठेवायच्या बोलीवर दाखवलं असेल तर ते उघड दाखवणं धरत नाहीत. तुम्ही गुप्त ठेवा म्हणालात, समोरच्यांनी ते मान्य केलं. बोलून नाही, खुणेने का होईना, पण केलं.

"मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही," ती म्हणाली. "घडलं तेच सांगा. फक्त घडलं तेवढंच सांगा."

आता खरं सांगायचं तर बुवांचा जीव भांड्यात पडला. माणूस थकला की त्याला न्यायापेक्षा खुर्ची जवळची वाटते. एका वाक्यात सगळं जागच्या जागी राहत होतं: पाटी, नाव, आजवरच्या शपथा. खोटा शब्द एकही नाही. फक्त धाकटा जात होता. लिफ्टची वाट बघताना बुवांनी देवाला म्हटलं, की मला आज एवढ्या कठीण पेचात नको घालू, माझी पाठ दुखतेय. देव अशा वेळी बहुधा ऐकून घेतो आणि गप्प बसतो.

काचेच्या खोलीत तेच सगळं. एका बाजूला वकीलबाई, दुसऱ्या बाजूला धाकट्याचा वकील, स्वभावाने सावकाश, प्रश्न विचारून झाला की पेनचं टोपण लावणारा. कोपऱ्यात जबानी टिपणारी बाई, दिवसभर चेहऱ्यावरची रेघ न हलवता बोटं चालवणारी. धाकटा वकिलाच्या मागच्या खुर्चीत होता. त्याने बुवांकडे एकदा पाहिलं आणि मग टेबलाकडे बघत राहिला. त्याच्या अंगठ्याला गोंदाचा वाळलेला पिवळा डाग होता. बुवांच्या अंगठ्यालाही लॅब सुटून वर्षं झाली तरी त्याची सावली होती.

प्रश्न सुरू झाले. ही सही तुमची का? हो. ही आकृती तुमची का? हो. यात 'आकुंचन' म्हटलंय ते कशाचं? गोंदाचं. दुपारपर्यंत बुवांची उत्तरं आपोआप निघू लागली. पाण्याचा जग एकदा भरून झाला. जेवणाच्या सुट्टीत ते खिडकीशी उभे राहिले, खाली रस्त्यावर एक माणूस खांबावरच्या दिव्याची काच पुसत होता, त्याच्याकडे बघत. बोलावणं आलं तसे ते आत गेले.

धाकट्याच्या वकिलाने तो प्रश्न विचारला तेव्हा तोही थकला होता. नेहमीचा प्रश्न, विचारायचा म्हणून विचारलेला. कागदावरून नजरही न उचलता.

"अर्ज दाखल होण्याआधी कंपनीबाहेर कोणाला हे दाखवलं होतंत?"

"हो," बुवा म्हणाले. "माझ्या मुलीच्या शाळेत. भरल्या हॉलमध्ये."

वकिलाने टोपण लावता लावता हात थांबवला. जबानी टिपणाऱ्या बाईने पहिल्यांदाच मान वर केली. धाकट्याने डोळे मिटले.

पुढचा तासभर काथ्याकूट झाला. कोणता हॉल, तो कधी पाडला, मेणाचं काय सांगितलं, गोंदाचं सांगितलं का, चिपचं सांगितलं का. सांगितलं. सगळं सांगितलं. केससुद्धा उपटला होता. मग आजवर दरवेळी नाही कसं म्हणालात? बुवा म्हणाले, तेव्हा आठवलं नाही, आणि आठवलं असतं तरी मी ते दाखवणं धरलं नसतं. माझीच समज चुकली. तुम्ही शपथेवर चुकीचं बोललात, हे मान्य आहे? मान्य आहे. हे दोन शब्द बोलताना त्यांना वाटलं, की दिवसभरातलं हेच पहिलं उत्तर आपण जागेपणी दिलं.

मग वकीलबाईची पाळी आली. तिने मोजून दोनच प्रश्न विचारले. शेवटी तुम्ही श्रोत्यांना हे गुप्त ठेवायला सांगितलंत? हो. आणि त्यांनी ते मान्य केलं? हो, सगळ्यांनी ओठांवर बोट ठेवलं. बाईने फाईल मिटली. झालं.

आणि खरंच झालं होतं. बुवा उठले असते तर पाटी भिंतीवर ताठ राहिली असती आणि टायरच्या दुकानावरच्या मजल्याला कुलूप लागलं असतं. घडलं तेच सांगितलं होतं, आणि घडलं तेवढंच. पण बुवा उठले नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर तो हॉल आला. माना वर केलेली पोरं, उघडी तोंडं, बयोचे नसलेले दात. त्या सगळ्यांनी मिळून एक करार केला होता म्हणे. करार, त्या पोरांनी.

"मला अजून थोडं सांगायचंय," बुवा म्हणाले.

वकीलबाई म्हणाली, प्रश्न संपलेत. धाकट्याचा वकील म्हणाला, माझा एक आहे, आणि टोपण काढलं. सांगा, तुम्हाला काय सांगायचंय?

"लहान मुलांना कोणाला सांगू नका म्हटलं, की ती घरी पोचायच्या आत सांगतात. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणूनच म्हणालो." बुवांनी पाण्याचा घोट घेतला. "कागद अडकले होते. लॅबबाहेर कोणाशी बोलायची सोय नव्हती, आणि माझ्या पोटात ते मावत नव्हतं. एवढा सुंदर उजेड सापडला होता हो. मला तो सगळ्यांना दाखवायचा होता. ते बोट ओठांवर ठेवणं ही गंमत होती. तिला करार म्हणू नका. त्या पोरांपुढे मला लाज वाटेल."

वकीलबाईने फाईल पिशवीत घातली. ती रागावलेली दिसत नव्हती, फक्त अजून थोडी थकलेली. दाराशी तिने बुवांना हळूच सांगितलं, की वरच्यांना सांगते, यावर दावा चालवण्यात अर्थ नाही. बहुतेक मागेच घेतील. आणि पेटंट? ते गेलंच म्हणा. बुवांनी मान हलवली. तिने विचारलं, तुम्हाला टॅक्सी बोलावू का? बुवा म्हणाले, नको, थोडा जिना उतरतो.

एक मजला उतरून ते पायरीवरच बसले. बसल्यावर कळलं, की आता उठायला कोणीतरी लागेल. त्यांना वाटलं होतं, की खरं बोललं की छाती हलकी होते. छाती काही हलकी झाली नव्हती. तिथे एक रिकामी जागा तेवढी झाली होती, पाटी काढल्यावर भिंतीवर उरते तशी.

वरून पावलं आली. धाकटा येऊन शेजारी बसला. जबानी संपली होती, आता बोलायला मनाई नव्हती. मग बुवांनीच विचारलं.

"शिडीवर तू होतास. तुला ठाऊक होतं."

"हो."

"मग वकिलाला सांगितलं का नाहीस? कारखाना तुझा जात होता."

धाकट्याने अंगठ्यावरचा गोंद नखाने खरवडला. म्हणाला, सांगून बघायचं मनात आलं होतं. पण माझ्या एकट्याच्या शब्दाला कोण विचारतंय, माझाच खटला. आणि खरा धरला असता तर तुम्ही खोटे ठरला असतात. माझी दहा-बारा माणसं कामावाचून घरी बसली असती तरी त्यांनी मला समजून घेतलं असतं. तुम्हाला खोटं पाडून कुठे तोंड दाखवणार होतो?

"गाढवा," बुवा म्हणाले.

"शिवाय," धाकटा म्हणाला, आणि त्याने टक्कल पडलेल्या डोक्यावरून हात फिरवला, "तुम्हीच म्हणाला होतात ना बुवा, कोणाला सांगायचं नाही."

बुवा त्याच्याकडे बघत राहिले. त्या भरल्या हॉलमध्ये आपलं म्हणणं खरं मानणारा एक माणूस निघाला, आणि तो नेमका शिडीवर होता. त्यांना हसायचं होतं. हसू यायला वेळ लागला, आणि आलं तेव्हा त्याच्याबरोबर डोळ्यांतून पाणीही आलं. ते त्यांनी पुसलं नाही, कारण हात उचलायचा कंटाळा आला होता.

धाकट्याने त्यांना काखेत हात घालून उठवलं. बुवांचं अंग एका बाजूला कललं, तसा धाकटा उलट्या बाजूला जरा सरकून उभा राहिला, आणि दोघं जिना उतरू लागले.